फेकू नका हो!

आमच्या सोसायटीतल्या काकू बाजारात जातात तेव्हा कांदे घेतीलच असं नाही, पण ढिगाखाली साचलेली सालं हमखास घेतात. भाजीवाल्याला आधी वाटलं, बाई जरा सरकलेल्या आहेत. आता तो त्यांच्यासाठी सालांची वेगळी पिशवीच ठेवतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यातली सगळी झेंडूची तोरणं काकूच उतरवतात. डाळिंब सोलताना कुणाचाही हात कचऱ्याच्या डब्याकडे वळला, की मागून आवाज येतो, "फेकू नका हो!"

काकू घरी रेशीम रंगवतात. आमटीत मीठ अंदाजाने घालणारी ही बाई तुरटी मात्र काट्यावर तोलते. १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम, एक कण इकडेतिकडे नाही. तुरटीशिवाय रंग कापडाला धरून राहत नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की बिल्डिंगमधली पोरंही आता परवचा म्हणावा तसं म्हणून दाखवतात. रेशमाचं पातेलं गॅसवर असलं की फोन नाही, दार नाही, पाहुणा नाही. "उकळी आली की चमक गेली!" काका चहासाठी दोनदा डोकावतात आणि परत जातात. चहाचं पातेलं कुठे गेलं, हे विचारायचं त्यांनी सोडून दिलंय.

एकदा काकांना मदतीचा उमाळा आला. डाळिंबाच्या सालींत स्टोल छान सोनेरी होत होता, तो त्यांनी हाताला लागलेल्या लोखंडी उलथन्याने ढवळला. सालींतलं टॅनिन आणि लोखंड भेटल्यावर जे व्हायचं तेच झालं. सोनेरीचा मेंदी, मेंदीचा खाकी. काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तोच स्टोल घेऊन एका लग्नाला गेल्या, चारजणींनी "कुठून घेतला?" म्हणून विचारलं, आणि तेव्हापासून बाल्कनीत गंजक्या खिळ्यांची आणि गुळाच्या पाण्याची एक बरणी आंबत ठेवलेली असते. तिच्या वासाची तक्रार मीटिंगमध्ये आली होती. तक्रार करणाऱ्या बाईंना काकूंनी दुपट्टा रंगवून दिला. विषय मिटला.

नवीन शिष्या आल्या की आधी बिटाबद्दल विचारतात. काकू चष्मा खाली ओढून म्हणतात, "बीट कोशिंबिरीत." लाल हवा तर मंजिष्ठा. आणि मंजिष्ठेचं नाव निघालं की विल्यम पर्किनचा उद्धार ठरलेला. मलेरियावरचं क्विनीन बनवायला निघालेल्या या अठरा वर्षांच्या पोराला १८५६ साली लंडनमध्ये चुकून जांभळा रंग सापडला, आणि कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. काकू हे अशा रागाने सांगतात, जणू पर्किन परवापर्यंत खालच्या मजल्यावर राहत होता.

हळदीवर त्यांचा जीव आहे, पण भरवसा नाही. उन्हात ती उडते, हे त्या स्वतःच सांगतात. तरी भाचीच्या लग्नात हळदीत रंगवलेलं उपरणं दिलंच. सासरच्यांनी ते कपडे धुण्याच्या साबणात बुडवलं, आणि पिवळ्याचं लालभडक झालं. भाचीचा रडवेला फोन आला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, एकाच कापडात हळद आणि कुंकू, दोन्ही आलं की! लिंबू पिळ, हळद परत येईल." लिंबू पिळलं. हळद परत आली.

कापडावर कुठे डाग पडला, तर "ते मुद्दाम ठेवलंय." बाकी कशाला मुद्दाम म्हणत नाहीत.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशा काकू असतीलच. त्यांनी स्टोल दिला, तर रिठ्याच्या पाण्यात वेगळा धुवा आणि सावलीत वाळवा. रंग कशाचा आहे, हे मात्र हातात दोन तास मोकळे असतील तरच विचारा.