जळक्या तेलाच्या दानशूर मालकांस

आळंदी

भजीवाले मालक,


परवा कार्तिकीच्या गर्दीत तुम्ही कढईतलं काळं तेल गटारात उपडं केलंत आणि मी तोंड उघडण्याआधीच निकालही दिलात: "सोयाबीनचं आहे हो, केमिकल नाही. कुजून जाईल."

कुजेल ना! शास्त्र तुमचं पक्कं आहे. जिवाणू आपल्या विकरांनी तेल फोडतात, ग्लिसरॉल वेगळं, स्निग्धाम्लं वेगळी. मग त्या आम्लांच्या लांब साखळ्या दोन-दोन कार्बननी कुरतडत नेतात. फक्त या पंगतीचं बिल ऑक्सिजनमध्ये लागतं. एक लिटर तेल पुरतं जिरवायला अडीच किलोहून जास्त. लिटरभर चांगल्या पाण्यात तो असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या एका लिटरपायी सव्वातीन लाख लिटर पाणी गुदमरणार. शिवाय वर तवंग, म्हणजे नवी हवाही आत शिरायला नको. गटारातच अडकलं तर कॅल्शियमशी जुळून साबणासारखे गोळे होतात, ते निराळंच.

आणि हे सगळं कुणाच्या जिवावर? पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पोटात घेऊन आपल्या घाटाला लागणाऱ्या इंद्रायणीच्या? तिच्यावरच्या फेसाचं खापर मी तुमच्यावर फोडत नाही. ते साबणवाल्यांनी आणि कारखान्यांनी वाटून घ्यावं. पण गाड्यावर माउलींचा फोटो, त्याला रोज ताजा हार, आणि खाली ही धार? वारकरी त्याच पाण्याची ओंजळ तीर्थ म्हणून तोंडाला लावतात, मालक. तुमच्या डोळ्यांदेखत लावतात!

तरी एक कबूल करतो. ते तेल तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तळणाला घेतलं नाहीत. तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, हा २०१८ सालचा नियम. तुम्ही तो नाक आणि डोळ्यांवर पाळलात. त्याच वर्षी जळक्या तेलाचं बायोडिझेल करण्याची सरकारी योजनाही निघाली. पण वापराची नोंद ठेवायची सक्ती रोज ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्यांना. तुमची कढई कुठल्या वहीत बसणार? तुमच्या दोन लिटरसाठी टेम्पो घाटापर्यंत कोण आणणार?

उद्यापासून तेल गार झालं की पत्र्याच्या डब्यात ओता. डबा भरला की कुठे द्यायचा, हे विचारायला मी तुमच्याबरोबर नगरपरिषदेत येतो. भजी मात्र बांधून घ्या, तिथं किती वेळ बसावं लागेल सांगता येत नाही.

आपला,
घाटावरचं एक गिऱ्हाईक