मनगटावरची पाळत

उत्तर प्रदेशातल्या खडकसिंगांना १९४१ साली दरोड्याच्या गुन्ह्यात धरलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. पोलिसांनी मात्र त्यांचं नाव आपल्या वहीतून खोडलं नाही. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार दारात उभे राहायचे, ओरडून त्यांना उठवायचे. परगावी जायचं तर आधी वर्दी द्यायची. शेवटी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या. पण बाकीची पाळत चालेल, खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, असं बहुमताने सांगितलं. न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा यांना ते पटलं नव्हतं. पाळतीखाली वावरणारा माणूस हिंडता-फिरता दिसला तरी मोकळा नसतो, असं त्यांचं म्हणणं. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निकाल दिला : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि कारणापुरताच हात घालता येईल.

खडकसिंगांवर पाळत ठेवायला एका शिपायाला स्वतःची झोप मोडावी लागायची. म्हणून साऱ्या गावावर पाळत ठेवणं कोणत्याच ठाण्याला परवडत नव्हतं. पाळतीला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, माणूस दमतो. आपल्या आजी-आजोबांच्या खासगीपणाचं रक्षण कायद्यापेक्षा या अडचणीनेच अधिक केलं. आता ती अडचण संपली. यंत्र दमत नाही, रजा मागत नाही आणि एकासाठी बसवलं की हजारांना पुरतं. आता मधे उभा आहे तो फक्त कायदा. म्हणून त्याचं एकेक कलम वाचायला हवं, आणि ते सगळ्यात गरीब माणसाच्या जागी उभं राहून वाचायला हवं.

नागपूरला चला. महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार हद्दीत किती वाजता आला, कुठल्या रस्त्यावर आहे, हद्दीबाहेर कधी गेला, हे सगळं कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागलं. अशीच घड्याळं पुढे चंदीगड, पंचकुला आणि इतर शहरांतही आली. काही घड्याळांत कॅमेरा आणि मायक्रोफोनसुद्धा आहे. हे घड्याळ हातात घालून स्वच्छतागृहात जायची भीती वाटते, असं कामगार बायकांनी बोलून दाखवलं. घड्याळ बिघडलं, चार्जिंग उतरलं, ठिकाण चुकीचं दिसलं की पगार कापला जातो, अशाही तक्रारी झाल्या.

पहाटे अंधारात घराबाहेर पडून शहराची घाण उचलणारी बाई. तिला दिवसभरात एकदा कुणाच्या नजरेबाहेर जाता येऊ नये, एवढा कसला गुन्हा केला आहे तिने?

महापालिकेची बाजू मला माहीत आहे. बोगस हजेरी. ती खोटी नाही. कागदावर दहा माणसं आणि रस्त्यावर सहा, हा प्रकार महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराला नवा नाही. पण उरलेल्या चार जणांचा पगार कुणाच्या खिशात जातो? झाडू मारणाऱ्याच्या तर नक्कीच नाही. तो जातो हजेरी लिहिणाऱ्याच्या, बिल काढणाऱ्याच्या, बिलावर सही करणाऱ्याच्या खिशात. घड्याळ त्यांच्या मनगटावर का नाही? चोरी वरच्या मजल्यावर आणि पहारा तळमजल्यावर. याला कार्यक्षमता म्हणायला मी तयार नाही.

आता या बाईच्या हातात कायदा काय देतो ते पाहू.

डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. २०१९ मध्ये विधेयक आलं आणि २०२२ मध्ये ते मागे घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. म्हणजे मूलभूत हक्क मान्य झाल्यापासून तो वापरता येईपर्यंत जवळपास दहा वर्षं. एवढी वाट पाहून जे मिळालं, त्यातलं सातवं कलम वाचा. माहिती घ्यायची तर संमती हवी, हा या कायद्याचा पाया. आणि संमती केव्हा लागणार नाही, याची यादी सातव्या कलमात. त्या यादीत नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी घेतलेली माहिती सरळ बसवली आहे. मालकाने विचारायची गरज नाही. सरकारी अनुदान किंवा लाभ द्यायचा असेल तर पूर्वी कधी दिलेली संमती किंवा सरकारी नोंदीत आधीच पडलेली माहिती पुरते. नव्याने विचारायचं बंधन नाही.

म्हणजे पगार हवा तर हालचाल दाखव, लाभ हवा तर चेहरा दाखव. हे आत्ता चालू आहे. अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार मिळवायला गरोदर आणि स्तनदा मातांना जुलै २०२५ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा पडताळून घ्यावा लागतो. रोजगार हमीच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर चढवला जातो. पोटासाठी हात पुढे करणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. त्याच्या संमतीला संमती समजणं ही जबरदस्ती आहे आणि ती संमती विचारायचीच नाही, हा तर उघड अपमान आहे.

दुसरीकडे हे असं चालत नाही. स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ शहरातल्या एका शाळेने २०१८ मध्ये २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यावर घेऊन पाहिली. संमतीही घेतली होती. तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये नगरपालिकेला दोन लाख क्रोनरचा दंड केला. कारण साधं होतं. शाळेच्या हातात विद्यार्थ्यांचं भवितव्य असतं, म्हणून अशा नात्यातली संमती मोकळी असू शकत नाही. आणि हजेरीसारख्या कामाला चेहरा घेण्याची गरजही नव्हती. बावीस मुलं, काही आठवडे, तरी दंड. आपल्याकडे हजारो कामगार, वर्षानुवर्षं, आणि कायदा मालकाच्या बाजूने दार उघडून उभा.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा २००८ चा कायदा मला याहून जवळचा वाटतो. बोटांचे ठसे, चेहरा, डोळ्याची बुबुळं घ्यायची तर आधी लेखी परवानगी. नाही घेतली तर ज्याचा ठसा आहे तो स्वतः कोर्टात जाऊ शकतो. हयगयीने झालं तर एक हजार डॉलर, जाणूनबुजून केलं तर पाच हजार. ठसा घेतल्यामुळे आणखी काय नुकसान झालं, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, असं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवायला लावणाऱ्या मालकांना तिथल्या कामगारांनी याच कायद्याने कोर्टात खेचलं. फेसबुकने फोटोंतले चेहरे न विचारता ओळखले म्हणून ६५ कोटी डॉलर मोजले. ती रक्कम सरकारी तिजोरीत पडून राहिली नाही. दावा करणाऱ्या लाखो लोकांना प्रत्येकी तीनशेहून अधिक डॉलर मिळाले. या कायद्यातही उणीव आहे. सरकारी यंत्रणा त्यातून सुटल्या आहेत. पण ज्याचा चेहरा त्याचा दावा, ही गोष्ट तिथे कायद्याने मान्य आहे.

आणि आपल्याकडे? दंड अडीचशे कोटींपर्यंत. आकडा मोठा. पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्या बाईची हालचाल चव्हाट्यावर आली तिला एक रुपया नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘४३ अ’ कलमात भरपाईची थोडीफार सोय होती. ते कलमच काढून टाकण्याची तरतूद या नव्या कायद्यात केली आहे. दिवाणी न्यायालयाचं दार बंद. तक्रार न्यायची ती डेटा संरक्षण मंडळाकडे, ज्याचे सदस्य केंद्र सरकार नेमणार. आणि ती तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. लुटल्या गेलेल्या माणसाने ठाण्यात जाताना खिशात दंडाचे पैसे ठेवून जावं, असं सांगणारा कायदा आणखी कुठे आहे?

सतराव्या कलमाने तर सरकारने स्वतःसाठी वेगळाच दरवाजा ठेवला आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेचं नाव अधिसूचनेत घालू शकतं. घातलं की त्या यंत्रणेला हा कायदा लागूच नाही. सुरक्षेसाठी काही पाळत लागते, हे मी नाकारत नाही. मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ भोगला आहे. पण कारण खरं असेल तर ते न्यायाधीशापुढे मांडायला अडचण काय?

फोन टॅपिंगचं पाहा. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून दिल्या. गृहसचिवाचा आदेश हवा, मुदत हवी, फेरतपासणी समिती हवी. आदेश देणारे अधिकारी, तपासणारेही अधिकारी. न्यायाधीश कुठेच नाही. न्या. श्रीकृष्ण समितीने नोंदवून ठेवलं आहे की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. इतके आदेश एका बैठकीत वाचून होत नाहीत, फक्त मोजून होतात.

न्यायाधीशापुढे प्रकरण गेलं की काय होतं, तेही महाराष्ट्रातच दिसलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे लाचेच्या आरोपात अडकलेल्या एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचं प्रकरण आलं. गृह मंत्रालयाचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले, कारण कायद्याला लागणारी सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेचा प्रश्न तिथे नव्हताच. मिळवलेली संभाषणं नष्ट करायला सांगितली. आरोप कसाही असो, बेकायदा ऐकलेलं वापरता येणार नाही, हे स्पष्ट झालं. हे आधी का होऊ नये? एखाद्याचं बोलणं ऐकण्यापूर्वी पोलिसांनी न्यायाधीशाची परवानगी का घेऊ नये? ज्याच्याकडे पैसा आणि वकील आहे, त्यालाच मागाहून न्याय मिळतो. नागपुरातल्या ऐवजदार (बदली) सफाई कामगाराला उच्च न्यायालयाची पायरी कोण चढवणार?

डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारालाही हात लावला आहे. ‘वैयक्तिक माहिती’ या नावाखाली कागद नाकारायचा तर पूर्वी अधिकाऱ्याला सार्वजनिक हिताचा विचार त्याच कलमात करावा लागायचा. तो भाग आता गेला. दुसऱ्या कलमात सार्वजनिक हिताची वाट शिल्लक आहे, असं सरकार म्हणतं, आणि ती आहेही. पण नकार द्यायला बसलेला जनमाहिती अधिकारी ती वाट आपणहून दाखवेल, यावर महाराष्ट्रातला एकही कार्यकर्ता विश्वास ठेवणार नाही. घड्याळाचं कंत्राट कुणाला, किती दराने दिलं आणि त्यात कुणाकुणाच्या सह्या आहेत, हे विचारणाऱ्याला उद्या अधिकाऱ्याचा खासगीपणा आडवा येईल. कामगाराचा खासगीपणा कुणाच्याच आड येणार नाही.

दिल्लीतला कायदा बदलायला वेळ लागेल. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. नोकरीच्या नावाखालची संमतीतली सूट काढा, भरपाई परत आणा, तक्रारदाराचा दंड रद्द करा, एवढ्या दुरुस्त्या कुणीही सुचवू शकतो. पण शहरातलं काम शहरातच होऊ शकतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये नगर प्रशासनाला चेहरा ओळखणारं तंत्र वापरायला बंदी केली आणि पाळतीचं कुठलंही यंत्र घेण्याआधी लोकनियुक्त मंडळाची उघड मंजुरी सक्तीची केली. आपल्या महापालिकांच्या सर्वसाधारण सभेलाही असा ठराव करता येईल. पाळतीच्या प्रत्येक यंत्राचा प्रस्ताव सभेपुढे यावा. कोणती माहिती घेणार, किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, कंत्राटदाराकडे काय उरणार, हे त्यात लिहिलेलं असावं. कामगार संघटनेचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो मतदानाला टाकू नये. आणि मनगटावर कॅमेरा, मायक्रोफोन असलेलं कुठलंही उपकरण असेल, तर त्याची निविदा निघूच नये.