यंत्राला हळदकुंकू

घरात माझं कोणी ऐकत नाही. म्हणून मी गेम मास्टर झालो. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तेव्हापासून अशा खेळांचा रिवाजच आहे: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि गेम मास्टर म्हणेल ते मुकाट्याने मानायचं. या शेवटच्या कलमासाठी मी बदलापूरच्या आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली.

कथानक झकास होतं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहतंय, वालधुनीकाठी माझा सर्वशक्तिमान मांत्रिक दबा धरून बसलाय आणि आजची मंडळी यंत्रं घेऊन त्या काळात उतरली आहेत. पण एकाच हातात मंत्रही आणि मशीनगनही आली, तर खेळ पाच मिनिटांत आटोपतो. ‘शॅडोरन’ या खेळाने १९८९ मध्ये यावर तोडगा काढला होता. माणसाचं सत्त्व सहा गुणांचं; अंगात जितकी यंत्रं बसवाल तितकं ते घटणार आणि जादूही उतरणार. मी तो उचलला, मराठीत आणला आणि भारदस्त आवाजात जाहीर केला: ‘यंत्र आलं की मंत्र गेला!’

‘मामा, चष्मा यंत्रात धरायचा का?’ भाच्याने विचारलं. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर असतो.

‘धरायचा. अर्धा गुण वजा.’

‘आणि कवळी?’

सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ते मिटलं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला मित्र पुढे सरसावला. त्याचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. ‘नियम अमेरिकेचा ना? मग माझं मशीनही मेड इन यूएसए. घरच्या मालाला सूट पाहिजे.’ यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे कल्याणपासून कर्जतपर्यंत पोरंसोरंही सांगतात. तरी मी अर्धा गुण सोडला.

घाव घातला तो भाच्यानेच. ‘माझं पात्र लढाईआधी लेझर बंदुकीला हळदकुंकू वाहतं. खंडेनवमीला आम्ही लेथला झेंडूचा हार घालतो, मामा. तो कधी रुसला नाही. उलट नाही घातला तर साहेबच अस्वस्थ होतात.’

‘हा खेळ आहे, कारखाना नव्हे,’ मी गरजलो.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘दसऱ्याला लोकलच्या डब्याची पूजा करता, तिची वर्गणी कोण गोळा करतं हो?’

मीच करतो. पावतीपुस्तक टीव्हीखालीच पडलं होतं. अधिकार शाबूत राहावा म्हणून मी फासा टाकला. एक पडला.

शेवटी बहुमताने नियम फिरला: पूजा केलेल्या यंत्राला मंत्राचे दोन गुण जादा. भाच्याने बंदुकीपुढे नारळ फोडला, मित्राने शिलाई मशीनला हार घातला आणि माझा सर्वशक्तिमान मांत्रिक पहिल्याच फेरीत आडवा झाला. जन्मभर मंत्र घोकले बिचाऱ्याने. पूजायला साधा पानासुद्धा जवळ नव्हता.