कार्पेट ६६७ जीबी

परीक्षा न देताच दहावी पास होण्याचा योग २०२१ साली महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना आला. ठाण्यातल्या एका घरी त्या निकालाचं बक्षीस म्हणून ४९,९९० रुपयांचा प्लेस्टेशन ५ आला. "न दिलेल्या परीक्षेला एवढं, मग दिली असती तर काय मागितलं असतंस?" असं मातोश्रींनी तेव्हाच विचारून ठेवलं होतं. उत्तर मिळायला दोनेक वर्षं गेली. चिरंजीवांनी जागा मागितली.

कंपनीने सांगितलेली जागा ८२५ जीबी. टीव्हीवर सेटिंग्ज उघडली की दिसते ६६७. मधली दीडेकशे जीबी गेली कुठे, यावर चिरंजीव सिस्टीम सॉफ्टवेअर वगैरे समजावू लागले, पण सहकारी बँकेत गृहकर्जाच्या फायली हाताळून केस पांढरे झालेल्या तीर्थरूपांना ते क्षणात उमगलं. "८२५ बिल्ट-अप आणि ६६७ कार्पेट. आधी विचारायचं असतं रे."

तीर्थरूपांचाही एक जमाना होता. कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची, परत खुपसायची आणि मारियो पळवायचा. मूळ 'सुपर मारियो ब्रदर्स' अवघ्या ४० केबीत मावत असे. या हिशेबाने ६६७ जीबीत दीड कोटीहून जास्त मारियो राहू शकतात. इथे मात्र 'कॉल ऑफ ड्यूटी'चे सगळे भाग टाकले की दोनशे जीबी पार, आणि असे तीन पाहुणे उतरले की घर भरलं. तीर्थरूपांच्या मते हा सरळसरळ उधळेपणा होता.

गंमत म्हणजे खुद्द प्लेस्टेशन ५ च्या मुख्य रचनाकाराचंही काही अंशी हेच म्हणणं होतं. मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये या यंत्राची ओळख करून देताना प्लेस्टेशन ४ वरच्या 'स्पायडर-मॅन'चं उदाहरण दिलं होतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारा काटा तबकडीवर इकडून तिकडे धावतो आणि त्यात वेळ जातो. कोळीबुवा न्यूयॉर्कभर झोके घेत असताना तेवढी उसंत नसते. म्हणून रस्त्यावरची टपालपेटी वगैरे नेहमी लागणाऱ्या वस्तू शहराच्या प्रत्येक तुकड्यासोबत पुन्हा पुन्हा साठवून ठेवायच्या. काही माहितीच्या तर चारशे प्रती निघाल्या. "आमच्याकडे तिसरी प्रत मागितली तरी लोक भांडतात," तीर्थरूप म्हणाले. एसएसडीला काटाच नसल्यामुळे या प्रती लागत नाहीत. 'हेलडायव्हर्स २'च्या पीसी आवृत्तीतून २०२५ मध्ये त्या काढल्या, तर दीडशे जीबीचा गेम तेवीसवर आला. म्हणजे काटकसर जमते, पण आधी कोणीतरी कपाट उघडून बघावं लागतं.

खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय फुकटचा आहे: खेळून झालेला गेम उडवायचा आणि वाटलं तर पुन्हा उतरवायचा. शंभर एमबीपीएसच्या फायबरवर शंभर जीबीला सव्वादोन तास पुरतात. गेम उडवला तरी कुठवर पोचलो त्याची नोंद, म्हणजे सेव्ह, कन्सोलवर वेगळी राहते, ती जात नाही. बहुतेक घरांनी एवढंच करावं आणि पैसे वाचवावेत. पण चिरंजीवांना हे पटलं नाही. दीड वर्षात न उघडलेल्या फुटबॉलच्या गेमकडे बोट दाखवून तीर्थरूपांनी "हा काढ" म्हटलं, तेव्हा "बाबा, तो लागतो, मित्र आल्यावर" असं उत्तर आलं. मित्र पुण्याला शिकायला गेलेले होते.

मग घरातलीच जुनी यूएसबी हार्ड डिस्क बाहेर आली. चिरंजीवांनी ती जोडली, आणि ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, तिच्यातलं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना पडद्यावर उमटली. त्याच डिस्कवर ताईच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ होता, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. अंगठा बटणावर टेकायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय पुसतंय म्हणाला रे ते?" डिस्क पुन्हा कपाटात गेली, आता कुलपासकट. तसाही तिचा उपयोग अर्धामुर्धाच होता. यूएसबीवरून प्लेस्टेशन ४ चे गेम थेट चालतात, पण ५ चे नुसते ठेवता येतात. खेळायचे तर आधी आत आणावे लागतात.

उरला एम-टू एसएसडीचा मार्ग. कन्सोलच्या पोटात त्यासाठी खाच सुरुवातीपासून होती, पण सोनीने ती उघडून दिली सप्टेंबर २०२१ मध्ये. बापलेक रविवार गाठून लॅमिंग्टन रोडला जायला निघाले, तेव्हा कुठे तीर्थरूपांना आठवलं की रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी गेले. पहिल्याच दुकानात "कुठलाही घ्या साहेब, सगळे एम-टू सारखेच" असं ऐकायला मिळालं. ते सारखे नसतात. आकार तोच असला तरी साटावाला चालत नाही, जेन-थ्री चालत नाही. एनव्हीएमई जेन-फोर हवा, सोनीच्या शिफारशीप्रमाणे सेकंदाला ५,५०० एमबी वाचणारा, आणि वर हीटसिंक, तोही असा की सगळी जाडी सव्वाअकरा मिलिमीटरच्या आत राहील. तीर्थरूपांनी खिशातून चक्क पट्टी काढली. एक टीबी की दोन, यावर गल्ल्यासमोरच दहा मिनिटं खल झाला. "मोठं घर घेतलं की सामान वाढतं," हे तीर्थरूपांचं म्हणणं अनुभवाचं होतं, तरी दोन टीबी आली.

बसवण्याचं काम डायनिंग टेबलावर झालं. स्टँड काढला, पांढरं झाकण सरकवलं, आतल्या पट्टीचा स्क्रू सोडला, ८० आकड्याच्या जागी बारीक कडी ठेवली, एसएसडी तिरपी खोचून दाबली. शेवटचा स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढा. तो तीर्थरूपांनी स्वतःच्या हाताने लावला, श्वास रोखून. कन्सोलने फॉरमॅट करून सेकंदाला साडेसहा हजार एमबीच्या घरातला वेग दाखवला आणि तीर्थरूपांनी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. कोणालाच काही कळलं नाही. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

मामेभावाकडे एक्सबॉक्स. तिथे खास कार्ड मागच्या खाचेत खुपसलं की झालं, स्क्रूड्रायव्हर लागत नाही, पण घ्यायचं ते तेच कार्ड. दुसरीकडे निन्टेंडोच्या स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, मोबाइलमधलं जुनं कार्ड चालत नाही. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून घासाघीस करता येते, हे ठाणेकरांना जास्त मानवलं.

सध्या त्या दोन टीबीतले दोनशे जीबी रिकामे आहेत आणि तिथे काहीही टाकायला मनाई आहे. ते 'जीटीए सिक्स'साठी राखीव. त्याची तारीख दोनदा पुढे जाऊन १९ नोव्हेंबर २०२६ वर आली आहे.

"जो अजून आलाच नाही, त्याला दोनशे जीबी?" तीर्थरूप विचारतात.

"अहो, राहू दे की," मातोश्री म्हणतात. "तोवर ताईच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवता येईल का तिथे?"

येत नाही. चिरंजीव ते समजावून सांगताहेत.