वाघाच्या वतीने

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाला संपते. पाहुण्याला पुढे निसटून जायला वाव नसतो आणि फलाटावर भाऊ उभे असतात. पाहुण्याच्या हातातली बॅग घेता घेता त्यांचं पहिलं वाक्य येतं, "कालच दिसला जी. दोन पिल्लं होते संगं." कोण दिसला, हे सांगायची त्यांना गरज वाटत नाही.

भाऊंची राईस मिल आहे. तिथे ते सख्ख्या मेव्हण्यालाही किलोभर कणी फुकट सोडणार नाहीत. वाघ मात्र सढळ हाताने वाटतात. सरकारने नागझिऱ्याला अभयारण्य केलं १९७० साली आणि व्याघ्र प्रकल्पात घेतलं २०१३ साली. भाऊंनी त्याआधीच ते घरच्या कारभारात घेतलं असावं, कारण तिथल्या जनावरांबद्दल ते भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलतात. उमरेड-कऱ्हांडल्यात गाजलेला जय वाघ मूळचा नागझिऱ्याचा. त्याचा विषय निघाला की भाऊ म्हणतात, "आमचाच पोरगा. नागपूरकडं गेला, नाव काढलं." २०१६ पासून तो कुणालाच दिसला नाही, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची नसते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून इथं सोडल्या. वनखात्याच्या कागदावर त्या एनटी-१ आणि एनटी-२. भाऊंच्या तोंडी 'चंद्रपूरच्या सुना'.

"गळ्यात डोरलं नाई, रेडिओ कॉलर घालून पाठवलं," वैनी आतून म्हणतात. "अन् सासरे हे."

पहाटे चार वाजता सगळ्यांना उठवलं जातं. पाहुणे ब्लँकेटं पांघरून जिप्सीत बसतात, भाऊ ड्रायव्हरशेजारी. एखादी जागा रिकामी राहिली की ती भरायला माझी नेमणूक होते, त्यामुळे भाऊंचा सगळा कार्यक्रम मला पाठ आहे. चोरखमारा गेटातून आत शिरताना ते पाहुण्यांकडे वळून बसतात. पाठीमागे काय चाललंय ते बघायचं काम वाघाचं.

पहिला अर्धा तास फक्त वाघ. वाटेत ठसा दिसला की "आत्ताच गेला, पाच मिनिटं झाले." गाईड हळूच सांगतो की हा काल संध्याकाळचा आहे. "मंग काय झालं? रस्ता तर हाच आहे न त्याचा!" जंगलात उतरायला मनाई आहे म्हणून बरं, नाहीतर भाऊंनी ठशाशेजारी पाहुण्यांना उभं करून फोटो काढला असता.

अर्ध्या तासाने वाघ मागे पडतो आणि गवे सुरू होतात. "वाघापेक्षा वजनदार. वाघ घाबरते त्याले." गवेही नसले की रानकुत्रे, मग सांबर, मग मोर. त्याच्याही खाली गेलं की भाऊ वनस्पतिशास्त्रात उतरतात आणि तिथं, खरं सांगायचं तर, हा माणूस पहिल्यांदा खोटं बोलायचं थांबतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल दाखवून सांगतात की याच्या बुंध्यात उन्हाळ्यातही पाणी सापडतं. तेंदू दाखवतात, ज्याच्या पानावर गोंदियाचा विडीधंदा उभा राहिला. पानगळ झाल्यावर रात्री पांढरंफटक दिसणारं भुताचं झाड, मोह, हळदू, बीजा... सारं नीट, न चुकता. बाप तेंदूपत्त्याच्या फडीवर मुनीम होता, त्याचं बोट धरून शिकलेलं ज्ञान. पण हे ज्ञान भाऊंच्या लेखी कमीपणाचं. पाहुण्याला पुरण संपलं म्हणून वरण वाढावं, तशा ओशाळ्या आवाजात ते झाडं सांगतात. मला विचाराल तर त्यांनी गेटापासूनच झाडांनी सुरुवात करावी. तसं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "झाडं पाहाले मुंबईहून कोणी येते काय?"

झाडं संपून वारूळ आलं की समजावं, आजचा वाघ बुडाला.

एकदा पाहुण्यांच्या पोराने वारुळापाशीच बाण सोडला. "आम्ही नागपूरला महाराजबागेत वाघ बघितला. लगेच दिसला." महाराजबाग कृषी विद्यापीठाची; बाग आणि जनावरं एकाच आवारात, कुणाला उन्हात ताटकळावं लागत नाही. भाऊंचा चेहरा उतरला. मग ते पोराला म्हणाले, "तो नोकरीवर आहे बाबू. दहा वाजता हजर राह्यलाच पाह्यजे. इथला धंदेवाईक आहे. मन झालं तं येते."

आणि त्याच फेरीत त्याचं मन झालं. वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध, शेपटी लांब सोडून, पूर्ण वाढलेला वाघ बसला होता. आमच्याकडे पाठ करून.

पाहुण्यांचे श्वास अडकले, कॅमेरे सुरू झाले. भाऊ मात्र घामाघूम. दारात आलेल्या पाहुण्यांना बघूनही घरच्या पोराने भिंतीकडे तोंड करावं, असा प्रसंग. "असा नाई जी तो," ते कुजबुजले, "आज का झालं त्याले... वळ न बाप्पा, मुंबईहून आले हे." वाघाने एक कान हलवला. दहा मिनिटांनी उठला आणि मागे न बघता बांबूत शिरला.

परतताना पाहुणे खुशीत होते. वैनींनी पोह्यांवर तर्री वाढता वाढता विचारलं, "दिसला काय?"

"दिसला!" सगळे एका सुरात.

"पाठ दिसली," भाऊ म्हणाले. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं होतं. "तोंड राह्यलं. जुलैपासून पावसाचं बंद असते, ते ऑक्टोबरात उघडते. तुमच्या पोराले दिवाळीच्या सुट्ट्या कधी लागते जी?"