पराभवाचा भाष्यकार

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, माणिकगडच्या डोंगरांवर पसरलेल्या जिवती तालुक्यात गोंड, कोलाम, बंजारा आणि दुष्काळामुळे मराठवाड्यातून येऊन येथे स्थिरावलेले शेतकरी असे अनेक समाज नांदतात. परंतु या सर्वांतून माणसे गोळा करून मोबाइलच्या पडद्याभोवती उभा राहिलेला एक पंथ अद्याप कोणत्याही शिरगणतीत आलेला नाही. हा पंथ ‘फायटिंग गेम’च्या उपासकांचा, म्हणजे दोन योद्धे समोरासमोर उभे करून एकाची शक्तिरेषा संपेपर्यंत त्यांना झुंजवणाऱ्यांचा आहे. त्याच्या केंद्रस्थानी जो पुरुष असतो तो पंथातील सर्वोत्तम खेळाडू नसतो. किंबहुना सर्वोत्तम नसणे हीच त्याची पहिली पात्रता होय. जिंकणाऱ्यास आपण का जिंकलो हे सांगण्याची गरज पडत नाही, हरणाऱ्यास मात्र कारणे लागतात, आणि ती शास्त्रशुद्ध रीतीने पुरवणाऱ्या या गृहस्थास पराभवाचा भाष्यकार म्हणणे उचित ठरेल.

भाष्यकाराचे वय साधारणतः पंचविशीच्या पुढे, शिक्षण पदवीपर्यंत आणि व्यवसाय ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ असा असतो. गडचांदूरकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहणाऱ्या घोळक्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीमागे किंवा कापूस वेचणीच्या हंगामात बांधावरच्या सावलीत तो हमखास सापडतो, आणि त्याच्या एका हातात काच तडकलेला मोबाइल, तर दुसऱ्या हातात दोनशे पानी वही असते. डोंगरावरील अनेक गुड्यांत, म्हणजे वस्त्यांत, मोबाइलला रेंज मिळत नसल्याने दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळणे येथे अशक्यप्राय असते. त्यामुळे पंथाने ‘एम्युलेटर’चा, म्हणजे एका यंत्रात दुसऱ्या जुन्या यंत्राचे सोंग वठवणाऱ्या प्रणालीचा आश्रय घेतला आहे. पीपीएसएसपीपी नावाच्या अशाच एका प्रणालीवर २००९ साली हातातल्या प्लेस्टेशनसाठी निघालेला ‘टेकन ६’ हा झुंजीचा खेळ चालतो आणि त्यास रेंज लागत नाही. रेंजच्या अभावाचा दुसरा परिणाम वहीत दिसतो. जे ज्ञान इतरत्र लोक हवे तेव्हा शोधून हवे तेव्हा विसरतात, ते भाष्यकाराने एका विशिष्ट टेकाडावर चढून, तेथे मिळालेल्या दोन काड्यांच्या भरवशावर उतरवून घेतलेले असते, आणि इतक्या कष्टाने आलेले ज्ञान ऐकवल्याशिवाय श्रोत्यास सोडणे त्याला साहजिकच परवडत नाही.

या ज्ञानाचा पाया ‘फ्रेम’ हा होय. पडद्यावरील चित्र दर सेकंदाला साठ वेळा बदलते आणि त्यातील प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. ‘टेकन’मधील सर्वांत चपळ ठोसा सामान्यतः दहाव्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात लागतो, तर डोळ्यांनी पाहून बोट हलवण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो; यावरून ठोसा पाहून अडवणे अशक्य असून तो येण्यापूर्वीच ओळखावा लागतो, असा सिद्धान्त निघतो. त्याचप्रमाणे अडवला गेलेला फटका मारणाऱ्याला सावरण्यास अडवणाऱ्यापेक्षा दहा किंवा अधिक फ्रेम जास्त लागत असतील, तर त्या फटीत दहा फ्रेमचा ठोसा निश्चित बसतो, आणि या वसुलीस ‘पनिश’ म्हणतात. कोणता फटका अडवल्यावर किती फ्रेमची फट पडते याची कोष्टके भाष्यकारास मुखोद्गत असतात, आणि तलाठी भरतीच्या परीक्षेत गणिताने ज्याला वारंवार दगा दिला तोच मनुष्य येथे उणे चौदा आणि अधिक चार यांची वजाबाकी श्वास न घेता करतो.

या शास्त्राचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाचवीतला मुलगा. तो बहुधा एडी गोर्डो हा योद्धा निवडतो. कपोएरा या ब्राझिलियन नृत्ययुद्धात निष्णात असलेला हा एडी १९९७ च्या ‘टेकन ३’मध्ये अवतरला, आणि लाथेची दोन बटणे कोणत्याही क्रमाने दाबली तरी त्याच्या हातून काहीतरी सुसंगत घडते, अशी त्याची तेव्हापासूनची ख्याती आहे. भाष्यकार अंतर राखतो, प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखण्यासाठी थांबतो, फट मोजतो. आणि तो मोजत असताना मुलगा त्याला लोळवतो. “भाऊ, मी त नुसती बटनं दाबून राह्यलो होतो,” असे मुलगा प्रामाणिकपणे सांगतो. त्यावर भाष्यकार वही उघडून, आधी फोन तापल्याचा मुद्दा आणि नंतर कापूस वेचून खरखरीत झालेल्या अंगठ्याचा मुद्दा मांडून, अखेरीस मूळ निष्कर्षावर येतो: “तू चुकीचं खेळला म्हणून जिंकला ना बे!” या वाक्यात तर्काचा दोष नाही. प्रतिस्पर्धी काही विचार करीत असेल, या गृहीतकावर सारे डावपेच उभे असल्याने, विचारच न करणारा खेळाडू त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

शास्त्राला दुसरा धक्का सीमेवरच्या गावांतून बसतो. प्रतिस्पर्ध्याने वरून मारले तर उभे राहून आणि खालून मारले तर बसून अडवावे लागते, दोन्ही एकाच वेळी अडवता येत नाहीत, आणि या कात्रीत पकडून अडवणाऱ्याला अंदाज बांधायला लावण्याच्या डावास ‘मिक्स-अप’ म्हणतात. जिवती तालुक्यातील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही राज्यांचा दावा असून तेथील अनेकांची नावे दोन्हीकडच्या मतदार याद्यांत आहेत आणि योजनाही दोन्हीकडून पोहोचतात. दोहोंपैकी एकच पत्करावे लागते, हे तत्त्व तेथील तरुणांच्या गळी उतरवताना भाष्यकाराचा घसा बसतो. कारण दोन बाजूंनी येणारे सर्व काही शांतपणे स्वीकारण्याचा त्यांचा अनुभव पिढीजात असतो.

असे असूनही भाष्यकाराचा आत्मविश्वास ढळत नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने आहे. एकामागून एक अशा रीतीने बसणाऱ्या फटक्यांची साखळी, म्हणजेच ‘कॉम्बो’, हा आज या खेळांचा प्राण मानला जातो. परंतु १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये तो कोणी ठरवून घातलेला नव्हता. मोटारगाडी फोडण्याचा अधिकचा टप्पा तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांना एका ठोशात दुसरा मिसळता येतो असे आढळले, आणि हे साधणे फार अवघड आहे या समजुतीने ती त्रुटी तशीच राहू देण्यात आली. चूक टिकून राहिली तर तिचे शास्त्र होते, हा यातून निघणारा बोध भाष्यकार आपल्या खेळासही लागू करतो. २००४ साली कॅलिफोर्नियातील ‘इव्हो’ या स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराने शक्तिरेषेचा जेमतेम थेंब उरलेला असताना जस्टिन वाँगच्या चुन-ली या योद्धीचे सलग पंधरा फटके परतवले, तो प्रसंग या खेळांतील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. मात्र तो अंतिम सामना नव्हता आणि त्यानंतरच्या अंतिम सामन्यात दाइगो हरला, ही तळटीप भाष्यकार विशेष आवाजात वाचतो. २०१९ साली लाहोरच्या अर्सलान ॲशने एकाच वर्षी जपान आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणची ‘इव्हो’ जिंकली, तेव्हा जगाला ठाऊक नसलेल्या गावीही विद्या असते हे सिद्ध झाले, आणि लाहोरनंतर कोणाची पाळी याविषयी भाष्यकाराच्या मनात फारसा संदेह उरला नाही.

त्याची खरी प्रतिभा मात्र झुंजीबाहेर फुलते. ‘मुगेन’ नावाची एक प्रणाली १९९९ पासून उपलब्ध असून तीत कोणीही स्वतः चितारलेला योद्धा उतरवू शकतो. प्रत्येक हालचालीची सुटी चित्रे काढायची आणि कोणत्या बटणाने कोणती चित्रे कोणत्या क्रमाने चालावीत हे फाइलींत लिहायचे, एवढेच तीत अपेक्षित असते. या कामासाठी भाष्यकाराभोवती एक मंडळ जमते. दुकानांच्या पाट्या रंगवणारा चित्रे पुरवतो, लग्नात डीजे वाजवणारा आवाज देतो, आणि बारावीला संगणक घेतलेली चुलत बहीण फाइली लिहिते, म्हणजे प्रत्यक्षात सर्व काम करते. या मंडळाचा आवडता योद्धा म्हणजे एसटीचा कंडक्टर. “सुट्टे द्या” असे तो गरजला की प्रतिस्पर्धी खिसे चाचपत तीस फ्रेम जागीच खिळतो, आणि तेवढ्यात बॅगेचा तडाखा बसतो. हा डाव अडवण्यास कोणताच उपाय नसल्याने त्यावर रात्रभर वाद झाला. योद्ध्यांचे बळ समतोल राखण्यास ‘बॅलन्स’ म्हणतात आणि त्यासाठी खिळण्याचा काळ घटवावा असे बहिणीचे मत होते; उलट वास्तवाशी प्रामाणिक राहायचे तर तो वाढवायला हवा, असे भाष्यकाराचे म्हणणे पडले. डावांना नावे देण्याचे कामही हेच मंडळ करते, आणि खाली बसून मारायच्या लाथेस ‘निंदण’, तर प्रतिस्पर्ध्याला पडद्याच्या कडेपर्यंत रेटत नेणाऱ्या ठोशांच्या मालिकेस ‘डवरण’ म्हटले की शेतकऱ्याच्या मुलास मूळ संज्ञेची आठवण राहत नाही.

या मंडळाचे टिकणे विजेत्यांवर अवलंबून नाही, हे येथवर स्पष्ट व्हावे. विजेता खेळून घरी जातो. हरलेला मात्र थांबतो, कारण विचारतो, वहीतले पान पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. म्हणून भाष्यकार आपल्या शत्रूशीही वैर धरत नाही. त्या पाचवीतल्या मुलास तो शेजारी बसवून फ्रेम म्हणजे काय, फट कशी मोजावी आणि एडीची कोणती लाथ अडवल्यावर काय करावे, हे चार संध्याकाळी समजावून देतो. मुलगा बुद्धिमान असल्याने त्याला सर्व काही कळते. पाचव्या संध्याकाळी तो प्रथमच विचार करून खेळतो, फट मोजू लागतो आणि मोजता मोजता तिसरीतल्या मुलाकडून हरतो. त्यानंतर तो फोन खाली ठेवून, हा पराभव वस्तुतः कसा झाला याचे विवेचन सुरू करतो, आणि भाष्यकार त्याला वहीची कोरी पाने फाडून देतो.