तुमच्याकडे पॉइंट आहे का?

“असली डबडी रस्त्यावर येऊच द्यायला नकोत.”

हे वाक्य मी एस्प्लनेडच्या ट्राम डेपोसमोर ऐकलं. बोलणारे माझ्या ओळखीचे एक मराठी गृहस्थ. बारा-पंधरा वर्षं कोलकात्यात नोकरीला आहेत, शहराच्या दक्षिणेला सोसायटीत राहतात आणि गेल्या वर्षी त्यांनी सव्वा लाखाची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. समोर एक पोरगा पाठीवरची डिलिव्हरीची चौकोनी पिशवी सावरत आपली बारक्या चाकांची, बिननंबराची इलेक्ट्रिक स्कूटर फुटपाथला टेकवत होता. डबडं म्हणजे ती. पोराला मराठी कळत नव्हतं, पण रोखलेलं बोट कळलं. त्याने मान फिरवली.

माझं या वाक्याशी भांडण आहे. ते कोलकात्यापुरतं नाही. पुण्यात कर्वे रस्त्यावर, ठाण्यात, नागपुरात, जिथे जिथे लाखाची गाडी आणि पन्नास हजारांची गाडी एका सिग्नलला उभ्या राहतात तिथे हे वाक्य कुणाच्या तरी मनात असतंच.

आधी नंबरप्लेटचं बघू, कारण पहिला आक्षेप तोच असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली बॅटरीची दुचाकी ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच बसत नाही. तिला नोंदणी नको, चालवणाऱ्याला लायसन्स नको. म्हणजे नंबर नसणं ही चोरी नव्हे, कायद्याने दिलेली सवलत आहे. आणि ती घेतं कोण? ज्याला लायसन्स काढायला दोन दिवसांची मजुरी बुडवणं परवडत नाही तो. साठी उलटल्यावर गिअरची गाडी सोडलेले काका. शिवणाचे कपडे घरोघर पोचवणारी बाई. आणि आता हे डिलिव्हरीवाले. यातल्या बहुतेकांची आधीची गाडी पेट्रोलची नव्हतीच, सायकल होती. त्यांच्या दृष्टीने ही ‘स्वस्तातली स्कूटर’ नाही. पॅडल न मारावी लागणारी सायकल आहे. फरक मोठा आहे, आणि तो सव्वा लाखवाल्याला दिसत नाही, कारण तो वरून खाली बघतो आणि हे खालून वर आलेले असतात.

कोलकात्याने सायकलवाल्यांना कसं वागवलं तेही सांगतो. २०१३ मध्ये कोलकाता पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. दूधवाले, पेपरवाले, पाववाले, सगळे एका फटक्यात गुन्हेगार. ओरड झाल्यावर रस्त्यांची संख्या ६२ वर आणली. कारण दिलं होतं वाहतुकीचा खोळंबा. हळू चालणारा गरीब माणूस वेगवान शहराला अडथळा वाटतो, ही समजूत जुनी आहे. ‘डबडं’ हा शब्द तिचाच.

मी त्या पोराशी बोललो. हिंदी-बांगला मिसळून. त्याने मला ‘दादा’ म्हटलं. गाडी स्वतःची, हप्त्यांवर. त्याच्या बरोबरचा दुसरा मात्र आठवड्याच्या भाड्यावर गाडी घेतो. मराठी माणसाला हा भेद नवा नाही. स्वतःचं घोडं आणून चाकरीला उभा राहणारा शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर. त्याच बारगीर शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि तो बंगालच्या पोराबाळांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ भीती दाखवतो आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता आणि पुढे त्याच रेषेवर सर्क्युलर रोड झाला. आज त्या रेषेच्या आत बारगीर पुन्हा फिरतात. पाठीला तलवार नाही, बिर्याणीची पिशवी. घोडं कंपनीचं, पडलं तर दंड स्वाराचा.

मग मी त्याला विचारलं, “चार्ज कुठे करतोस?”

खरी गोष्ट इथे आहे. तालतलाच्या एका जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर तो सहा जणांबरोबर राहतो. ‘मेस’ म्हणतात इथे. रात्री गाडीतून बॅटरी काढायची, दहा-अकरा किलोचा तो डबा जिन्याने वर न्यायचा आणि घरमालकाला दर चार्जाचे तीस रुपये द्यायचे. त्या बॅटरीत दीड युनिटच्या आसपास वीज जाते. मीटरने हिशेब केला तर दहा-बारा रुपये. हा देतो तीस. माझे गृहस्थ तीच वीज सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवर, मीटरच्या दराने घेतात.

स्वस्त आणि महाग गाड्यांवरच्या सगळ्या वादात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुमच्याकडे पॉइंट आहे का? लिफ्टशेजारी, खांबाला, स्वतःच्या मीटरवरचा पंधरा अँपियरचा पॉइंट. तो असेल तर तुम्ही आजच्या घडीला कुठलीही चांगली गाडी घेऊ शकता. नसेल तर खिशात लाख रुपये असूनही उपयोग नाही. नावाजलेल्या स्कूटर बघा. पुण्यात जन्मलेली नवी चेतक, टीव्हीएसची आयक्यूब, एथरच्या गाड्या: सगळ्यांची बॅटरी कायमची बसवलेली. काढून वर नेता येत नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. तापमान सांभाळता येतं, पाणी शिरत नाही, वजन खाली राहतं. पण त्याचा अर्थ असा की ज्याच्या गाडीला छप्पर आणि छपराखाली स्वतःची वीज आहे त्याच्यासाठीच ती गाडी आहे. बॅटरी काढता येणाऱ्या चांगल्या गाड्याही निघाल्या, हीरोची विडा त्यातली एक. तरी बाजाराचं मुख्य वळण पार्किंगवाल्याकडेच राहिलं.

म्हणून मी म्हणतो, बजेट आणि प्रीमियम ही विभागणी वरवरची आहे. पैसा हप्त्याने उभा राहतो. पार्किंग हप्त्याने मिळत नाही.

आणि सरकार? सरकारने ज्याच्याकडे पॉइंट होता त्याच्याच हातात आणखी पैसे ठेवले. २०१९ मध्ये आलेल्या फेम-२ योजनेत दुचाकीला अनुदान मिळायचं तर कमाल वेग निदान ताशी ४० किलोमीटर आणि एका चार्जात किमान ८० किलोमीटरची धाव हवी होती. २५ च्या आतली गाडी आपोआप बाहेर. जून २०२१ मध्ये अनुदान वाढून बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला १५ हजार रुपये झालं. तीन किलोवॅट-तासाच्या गाडीला म्हणजे ४५ हजार. ४५ हजारांत त्या काळी मंद वेगाची एक अख्खी गाडी येत होती! एकाची जेवढी सूट, तेवढ्यात दुसऱ्याची सगळी मिळकत उभी राहायची, आणि त्या दुसऱ्याला सूट शून्य. जून २०२३ मध्ये अनुदान कापलं तेव्हा लाखाच्या गाड्या महागल्या म्हणून केवढा ओरडा झाला. ज्यांना कधी मिळालंच नव्हतं ते ओरडणार कुठून?

शिसं आणि तेजाबाच्या बॅटऱ्यांना अनुदान नाकारलं ते मात्र योग्यच होतं, हे मी ठासून सांगेन. त्या बॅटऱ्यांचा अनुभव मला आहे. २०२१ मध्ये पुण्यात मी घरच्यांसाठी अशी एक गाडी घेतली. दुकानदार म्हणाला, एका चार्जात सत्तर किलोमीटर. चाळीसच्या पुढे ती कधी गेली नाही. चौदा महिन्यांत बॅटऱ्या बसल्या. चार बॅटऱ्या, प्रत्येकी सात-आठ किलो, जिना चढून न्यायचा विचारच नको. “जुन्या द्या, फरक भरा,” एवढंच उत्तर मिळालं. शिसं भंगारात वजनावर विकलं जातं, म्हणून हा धंदा टिकून आहे. टोटो म्हणजे बॅटरीची रिक्षा ज्या गावात आहे तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावर या बॅटऱ्यांचा मिस्त्री सापडतो. लिथियमवाला सापडत नाही. गरीब माणूस शिशाची बॅटरी अडाणीपणाने घेत नाही, दुरुस्ती हाताशी आहे म्हणून घेतो. पण ते शिसं पुढे कुठल्या तरी वस्तीत उघड्यावर वितळतं आणि तिथल्या पोरांच्या रक्तात जातं.

तेव्हा शिसं वगळा, जरूर वगळा. मंद वेग का वगळलात? लहान लिथियम बॅटरीची, २५ च्या वेगाची, काढून वर नेता येणारी साधी गाडी, तिला दहा हजारांचा हात दिला असता तर शिसं आपोआप मागे पडलं असतं. उलट झालं काय, तर नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, आणि गरिबाला वरचेवर बदलावी लागणारी शिशाची बॅटरी मात्र २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत २८ टक्क्यांवर. आता १८ आहे. लिथियमची सुटी बॅटरीही १८ टक्क्यांवरच. गाडी एकदा घेतली जाते, बॅटरी पुन्हा पुन्हा. हा कर कुणाच्या खिशातून जातो हे ठरवणाऱ्यांना दिसायला हवं होतं.

स्वस्त गाड्या विकणाऱ्यांचाही माझ्याकडे पत्ता कटच आहे. धावेचा खोटा आकडा सांगणारे, वेग रोखणारी वायर कापून ‘पंचेचाळीसला पळते’ म्हणून विकणारे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाई केली. करायलाच हवी. फक्त पकडताना रस्त्यावरच्या पोराची गाडी उचलू नका, दुकानाचं शटर खाली ओढा. आणि आगीचं म्हणाल तर २०२२ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या गाड्यांत नावाजलेल्या कंपन्यांच्याही होत्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक झाले. किमतीने सुरक्षितता येत नाही, चाचणीने येते.

आता एस्प्लनेडकडे परत येतो, कारण विजेच्या चाकांबद्दल बोलायला देशात याहून योग्य जागा मला सुचत नाही. १९०२ मध्ये इथून खिदिरपूरपर्यंत कलकत्त्याची पहिली विजेची ट्राम धावली. मुंबईला विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. भारतातली पहिली मेट्रो १९८४ मध्ये सुटली तीही एस्प्लनेडहूनच, भवानीपूरपर्यंत. आणि कलकत्त्याच्या ट्रामला दोन वर्ग होते. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, पंखे असलेला. मागचा दुसऱ्या वर्गाचा, बिनपंख्याचा. बजेट आणि प्रीमियम, एकाच तारेवर, एकाच रुळावर, एकाच वेगाने.

१९५३ च्या जुलैत ब्रिटिश मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं. रुपयाचे चौसष्ट पैसे असायचे तेव्हाचा एक पैसा. शहर उसळलं. लोकांनी जुनंच भाडं हातावर ठेवून प्रवास केला, हरताळ झाले, ट्राम जळल्या, पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि महिनाअखेर भाडेवाढ मागे घ्यावी लागली. त्या एका पैशासाठी लढणाऱ्यांना कुणी ‘चिंधी’ म्हटलं नाही. कारकून, विद्यार्थी, मजूर यांचं रोजचं येणं-जाणं ही सगळ्या शहराची बाब आहे, हे तेव्हाच्या कलकत्त्याला समजत होतं.

त्या ट्रामला प्रवाशाने पॉइंट आणायचा नव्हता. तार डोक्यावर होती, सगळ्यांची होती. मुंबईने आपली तार ३१ मार्च १९६४ ला उतरवली. इथेही २०२४ च्या सप्टेंबरात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी सांगून टाकलं की एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा म्हणून ठेवायचा आणि बाकी ट्राम बंद करायची. सार्वजनिक तार उतरवायची, आणि मग ज्याने त्याने आपापली बॅटरी आपापल्या जिन्याने चढवायची. याला आपण विजेच्या वाहनांची क्रांती म्हणतो!

मी गृहस्थांना विचारलं, “तुमच्या सोसायटीत वॉचमन, घरकामाच्या बायका, ड्रायव्हर येतात. त्यांच्यापैकी कुणाकडे अशी गाडी आहे?” तिघांकडे आहे म्हणाले. “ते चार्ज कुठे करतात?” त्यांना माहीत नव्हतं. मंद गाडीचा चार्जर अडीचशे-तीनशे वॅट घेतो, घरातल्या इस्त्रीच्या निम्म्याहून कमी. गेटपाशी एक मीटर, चार पॉइंट, युनिटच्या दराने पैसे: सोसायटीच्या एका बैठकीत होणारं काम आहे. पुण्यातल्या सोसायट्यांनाही मी हेच सांगतो आहे. आणि एस्प्लनेडच्या डेपोत तर वीज सव्वाशे वर्षांपासून आलेली आहे. भिंतीला वीस पॉइंट बसवले तर इथल्या पोरांचा जिना वाचेल. गृहस्थ म्हणाले, रविवारच्या मीटिंगला विषय काढतो. काढतील. माणूस भला आहे, फक्त त्यांनी बोट आधी दाखवलं आणि प्रश्न नंतर विचारला.

तोवर पोराला ऑर्डर आली होती. स्क्रीनवर बॅटरीच्या दोन काड्या उरल्या होत्या आणि जायचं होतं पार्क सर्कसला. निघता निघता तो गृहस्थांच्या स्कूटरकडे वळला, सीटवरून हात फिरवला आणि त्यांनाच विचारलं, “दादा, इसका बॅटरी बाहर निकलता है क्या?”

“नाही,” गृहस्थ मराठीतच म्हणाले.